बक्षिसाचे फोटो पुष्कळ झाले, आता खेळाचे छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी झाली की पाऊस सुरू होईपर्यंत आपल्या बेळगाव भागात मैदान म्हणून रिकामं राहत नाही. लेले मैदानावर फुटबॉल, सरदार्स हायस्कूलच्या मैदानावर रात्री लाइट लावून टेनिस बॉलचं क्रिकेट, आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या, एखाद्या गावची यात्रा असली की तिथं कुस्ती मैदान नाहीतर रिकामी बैलगाडी पळवायची शर्यत, खानापूर-निपाणीकडं कबड्डी, शाळांचे खेळ ते वेगळेच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडला की फोटो कुठला, तर पाहुण्यांच्या हातून चषक घेताना उभा असलेला संघ आणि मागं बॅनर. गोल कुणी मारला ते बातमीत असतं, पण कसा मारला ते कुठंच दिसत नाही. पोरं वर्षभर पहाटे उठून सराव करतात ती खेळायला करतात, चषक घेऊन उभं राहायला नाही, म्हणून हे पत्र.

खेळाचा फोटो येत नाही ह्याला एकटा पेपर जबाबदार आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडचा फोटोग्राफर म्हणजे मुख्य काम लग्नाचं. बॉडी म्हणजे कॅमेरा चांगला असतो, २४-७० ची लेन्स असते, ५० ची असते (हे आकडे मिलिमीटरचे, आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), पण मैदानाच्या कडेला उभं राहिलं की त्यातून खेळाडू एवढासा दिसतो. मग कुणीतरी ५५-२५० नाहीतर ७०-३०० घेऊन येतो, दुपारच्या उन्हात फोटो मस्त येतात, आणि फायनल असते रात्री आठला, तिथं सगळे हललेले नाहीतर काळपट दाणेदार, म्हणून शेवटी तो पण स्टेजसमोर जाऊन बक्षिसाचे फोटो काढतो आणि तेच तुमच्याकडं व्हॉट्सअ‍ॅपवर येतात.

नवीन पोरं मला विचारायला येतात. "अण्णा, सहाशे मिलिमीटरची लेन्स घेऊलालोय, कसं वाटतंय सांगा की ओ." किती लांबचं येतंय हे सगळे विचारतात, उजेड किती आत घेते हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी सगळ्यांना सांगतो, की आपल्या मैदानांसाठी आणि आपल्या रात्रीच्या मॅचसाठी आधी एफ २.८ बघा (एफ म्हणजे लेन्सचं भोक किती उघडतं त्याचा आकडा, आकडा लहान तेवढा उजेड जास्त), लांबी नंतर. ७०-२०० एफ २.८, जुनी का असेना, सेकंडहँड का असेना, ती घ्या आणि बॉडीवरचा खर्च थांबवा.

का ते सांगतो. एफ २.८ ला जेवढा उजेड आत येतो त्याच्या निम्मा एफ ४ ला येतो, ५.६ ला पाव आणि ६.३ ला जवळजवळ पाचवा हिस्सा. दुपारी ह्यानं काही बिघडत नाही. पण लाइटखालच्या मॅचमध्ये २.८ वर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, वाढवली की दाणे येतात) ३२०० आणि शटर १/५००, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, असं जमत असेल तर ५.६ वाल्याला तोच शटर ठेवायला आयएसओ १२८०० करावा लागतो, नाहीतर शटर १/१२५ वर आणावा लागतो आणि १/१२५ ला पळणारा माणूस पुसल्यासारखा येतो. फुटबॉलला खरं तर १/१००० पाहिजे, रात्री फारच झालं तर १/६४० पर्यंत उतरता येतं, कुस्तीला १/५०० चालतं, क्रिकेटमध्ये बॅटला लागलेला बॉल पाहिजे असेल तर १/१६०० च्या वरच. मैदानावरचे लाइट आपल्या डोळ्याला भगभगीत वाटतात पण कॅमेऱ्याला तेवढं पुरत नाही, आणि गावाकडं चार खांबांवर चार फोकसचे दिवे असले तर मैदानाच्या मध्यावर आणि कोपऱ्यात उजेडाचा फरक दुपटीचा सहज असतो.

अजून एक, लेन्सवर ४.५-५.६ असं लिहिलेलं असतं त्यातला पहिला आकडा फक्त झूम मागं असतानाचा, पुढं नेली की ५.६. म्हणजे जिथं लांबचं पाहिजे तिथंच उजेड कमी. २.८ ची झूम ७० ला पण २.८ आणि २०० ला पण २.८, त्यामुळं मॅन्युअलवर एकदा सेटिंग लावलं की झूम फिरवताना एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, बदलत नाही. शिवाय डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, फोकस होताना लेन्स पूर्ण उघडी असते, त्यामुळं २.८ असली की फोकसला उजेड जास्त मिळतो, व्ह्यूफाइंडर पण उजळ दिसतो, आणि बऱ्याच बॉडीत मधला फोकस पॉइंट २.८ किंवा त्याहून उघड्या लेन्सवर जास्त अचूक चालतो. रात्री फोकस मागंपुढं शोधत बसतो ही तक्रार निम्मी इथंच संपते.

आणि व्हीआर, आयएस, ओएस, व्हीसी, कंपनीप्रमाणं नाव वेगळं पण काम एकच, ते तुमचा हात स्थिर करतं, समोरच्या पैलवानाला नाही. दुकानदार सांगतो ह्यात आयएस आहे, चार स्टॉप मिळतात (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), मग पोराला वाटतं की आता ५.६ चालेल. नाही चालणार. १/८०० ला खेळ टिपताना त्या आयएसचा फारसा उपयोगच नसतो, म्हणून ज्याला फक्त मैदानच करायचंय त्यानं १९९५ साली आलेली कॅननची बिनाआयएसची पांढरी ७०-२०० एफ २.८ घेतली तरी तो फसला असं होत नाही.

झूमच का, फिक्स (झूम नसलेली, एकाच लांबीची) लेन्स का नको, हे कळायला आनंदवाडीत कुस्ती बघायला बसा. सलामी झाली की बराच वेळ खडाखडी चालते, मानेवर हात, डोक्याला डोकं, तेव्हा २०० ला टाइट धरून चेहरे घ्यावेत, कपाळाला चिकटलेली तांबडी माती, सुजून घट्ट झालेले कान, समोरच्याच्या मनगटावर रुतलेली बोटं सगळं येतं. आणि मग एकदम कुणीतरी ढाक हा डाव लावतो आणि दोघं तुमच्या पुढ्यात येऊन पडतात, खांदे मातीला टेकायच्या आधी जेमतेम एक क्षण असतो, तेव्हा डावा हात रिंग उलटी फिरवून ७० वर आलेला पाहिजे. ३०० च्या फिक्सवाल्याच्या फ्रेममध्ये तेव्हा नुसती पाठ येते. फार जवळ, म्हणजे सहा-सात मीटरवर, क्रॉप बॉडीला (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला) ७० पण टाइट होतं, फ्रेम दोन-सव्वादोन मीटरचीच राहते, म्हणून गळ्यात दुसरी बॉडी असली आणि तिला साधी किट लेन्स असली तरी उपयोग होतो.

मग २०० पुरतं का. हिशेब करून बघा. निकॉन, सोनीच्या क्रॉप बॉडीवर २०० लावली की तीस मीटरवर फ्रेम साधारण साडेतीन मीटर रुंद आणि सव्वादोन-अडीच मीटर उंच येते. उभा माणूस भरून येतो. म्हणजे फुटबॉलला गोलच्या मागं कोपऱ्याकडं बसलं तर डीमधलं सगळं हातात असतं, पेनल्टी एरिया साडेसोळा मीटरचाच असतो. मध्यरेषेच्या पलीकडचं सोडून द्यावं, चेंडू आपल्याकडं येतोच. क्रिकेटला मात्र कमी पडतं, साठ मीटरवरून बॅट्समन फ्रेमच्या तिसऱ्या हिश्शाएवढा येतो. पण चोवीस मेगापिक्सलची फाइल सहा हजार पिक्सल रुंद असते, ती कापून पाव रुंदीची केली तरी दीड हजार उरतात आणि पेपरमध्ये पंधरा सेंटिमीटर रुंद फोटो छापायला बाराशेच्या आसपास पुरतात. तुमच्या डीटीपीवाल्यांना विचारा, ते पण हेच सांगतील. स्वच्छ टिपलेला फोटो कापून वापरता येतो पण हललेला फोटो कितीही मोठा असला तरी टाकूनच द्यावा लागतो.

सिग्मा-टॅमरॉनच्या १५०-६०० मी वाईट म्हणत नाही. दिवसाच्या क्रिकेटला, ऑटोनगरच्या मैदानावर सकाळी नऊ ते चार मॅच असेल तर त्या लेन्सनं सुंदर काम होतं, बैलगाडी शर्यतीला पण लांबून उभं राहता येतं आणि तिथं लांब उभं राहणंच बरं. पण पहिली लेन्स म्हणून नको. पुढं ज्याला लांबी पाहिजे त्यानं १.४ चा टेलिकन्व्हर्टर घ्यावा (बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसतो, लांबी १.४ पट करतो), एक स्टॉप जातो, म्हणजे २८० एफ ४ होते, दिवसा भरपूर झालं. २ चा लावला तर दोन स्टॉप जातात आणि तुम्ही परत ५.६ वर. पण कन्व्हर्टर सगळ्या लेन्सना बसत नाही हे बघून घ्या, कॅननच्या मिररलेसची (बिनाआरशाच्या कॅमेऱ्याची) २०१९ ची पहिली आरएफ ७०-२०० एफ २.८ कन्व्हर्टर घेतच नाही, २०२४ ला आलेली झेड नावाची घेते.

आता कुठली घ्यावी. नवीन मिररलेसच्या कंपनीच्या लेन्स दोन लाखाच्या पुढं जातात, वजनाला मात्र आता हलक्या झाल्यात, सोनीची दुसरी ७०-२०० जीएम १०४५ ग्रॅम, कॅननची ती पहिली आरएफ १०७० ग्रॅम, जुन्या डीएसएलआरच्या लेन्स दीड किलोच्या घरात. सोनीवाल्यांना टॅमरॉनची ७०-१८० एफ २.८ मिळते, पहिली ८१० ग्रॅमची, वीस मिलिमीटर कमी पण खिशाला आणि खांद्याला दोन्हीला परवडणारी. सिग्माची ७०-२०० स्पोर्ट्स २०२३ च्या शेवटी आली ती पण सोनीला बसते. पण मला विचाराल तर सध्या सगळ्यात फायदा डीएसएलआरवाल्यांचा आहे. मोठे फोटोग्राफर मिररलेसकडं गेले आणि त्यांच्या जुन्या लेन्स कोल्हापूर, हुबळी, पुण्याच्या बाजारात पडून आहेत. कॅननची २०१० ची दुसरी आयएस, टॅमरॉनची जी २, निकॉनची २००९ ची व्हीआर टू, ह्या लेन्सवर कितीतरी वर्षं जगभरच्या पेपरांचे खेळाचे फोटो निघाले आणि त्या आता लाखाच्या बऱ्याच आत मिळतात. निकॉनच्या २००३ च्या पहिल्या व्हीआरचे कोपरे फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) मऊ येतात असं म्हणतात आणि ते खरं आहे, पण क्रॉप बॉडीवर ते कोपरे कापलेच जातात आणि कुस्तीत कोपऱ्यात बघायला काय असतं. फक्त निकॉनची जुनी ८०-२०० एएफ-डी स्वस्त मिळाली म्हणून डोळे झाकून घेऊ नका, तिच्यात फोकसची मोटर नाही, डी ३००० आणि डी ५००० मालिकेच्या बॉडीवर तिचा ऑटोफोकस चालत नाही, एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावून निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीवर पण नाही. डी ७००० मालिका, डी ५००, डी ७५० वर चालते. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स मात्र अ‍ॅडॉप्टरवर मिररलेस आर बॉडीला छान चालतात, म्हणजे पुढं बॉडी बदलली तरी लेन्स वाया जात नाही.

सेकंडहँड घेताना आपल्याकडं सगळ्यात मोठी भीती बुरशीची. बेळगावचा पाऊस आणि त्यात खानापूर भाग म्हटला की महिना महिना कपडे वाळत नाहीत, कपाटात बॅगेत बंद ठेवलेल्या लेन्सला फंगस येणारच. दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर म्हणजे आतलं भोक पूर्ण उघडा, एका बाजूनं मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूनं बघा. धूळ ठिपक्यांसारखी दिसते, तिला घाबरू नका. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले की घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. मग बॉडीला लावून २.८ वरच, १/१००० ला, रस्त्यावरून आपल्याकडं येणाऱ्या मोटरसायकलींचे सलग फोटो घ्या आणि लॅपटॉपवर मोठे करून नंबरप्लेट वाचता येते का बघा. फोकस होताना कुरकुर आवाज येतो का, झूम रिंग कुठं अडकते का, अ‍ॅपर्चरची पाती तेलकट आहेत का, हे पण बघा. बिल मागा, सिरियल नंबर जुळवा. नवीन घेत असाल आणि कुणी फारच स्वस्त देत असेल तर भारतातली वॉरंटी आहे का ते आधी विचारा. घरी आणल्यावर पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा.

ज्यांना लाखाच्या आतलं पण जमत नाही त्यांच्यासाठी एक वाट आहे, ८५ एफ १.८ ची फिक्स लेन्स. हॉलमधल्या बॅडमिंटनला, कबड्डीला, टेबल टेनिसला ती २.८ च्या जवळजवळ अडीचपट उजेड घेते आणि किंमत फार कमी. मैदान मोठं झालं की ती अपुरी पडते पण सुरुवात करायला, खेळाचा अंदाज यायला तिच्यासारखी नाही. कबड्डीत रेडर परत फिरताना कुठल्या बाजूला झेप घेणार हे ओळखायला शिकल्याशिवाय कुठलीच लेन्स कामाची नाही, आणि ते शिकायला तालुक्याच्या मॅचेस आहेतच.

रात्रीच्या मॅचचं अजून एक सांगायचं राहिलं. आपल्याकडं वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळं बरेच एलईडी आणि मेटल हॅलाइडचे लाइट सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही पण १/१००० ला सलग दहा फोटो काढले की दोन उजळ, तीन पिवळट, एक काळा असं होतं आणि पोरं म्हणतात लेन्स खराब आहे. लेन्सचा काही दोष नसतो, बॉडीत अँटी-फ्लिकर असेल तर ते ऑन करा.

पैशाचं म्हणाल तर हीच लेन्स लगीनसराईत मांडवात अक्षता पडताना लांबून चेहरे घ्यायला कामाला येते, एक-दोन सीझनमध्ये स्वतःचे पैसे काढते, तिथं मात्र आयएस असलेली बरी. ज्यांचं एवढं काम नाही त्यांनी चार मित्रांनी मिळून एक घ्यावी नाहीतर भाड्यानं आणावी, लग्नाच्या तारखा नसतील तेव्हा भाडं पण कमी होतं. आणि मंडळांना माझं सांगणं आहे, स्पर्धेला तुम्ही लाखालाखाची बक्षिसं लावता, मंडप, लाइट, साउंड सगळं करता, तर त्यातला थोडा हिस्सा एका चांगल्या फोटोग्राफरला द्या, आणि गोलच्या मागं, आखाड्याच्या कडेला त्याला बसायला जागा द्या. आमच्यासारख्यांना कितीतरी ठिकाणी पाहुण्यांच्या खुर्च्यांच्या मागं ढकललं जातं आणि तिथून दिसतात ती नुसती डोकी.

१९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकला हॉकीचं सुवर्णपदक जिंकलेल्या संघातले बंडू पाटील आपल्या बेळगावचे. त्यांचा इथल्या मैदानावर स्टिक घेऊन पळतानाचा फोटो आपल्यापैकी किती जणांनी बघितलाय? तेव्हा अशा लेन्स नव्हत्या, फिल्म होती, खर्च होता, ते समजू शकतो. आज जी पोरगी खानापूरच्या शाळेतून पळायला येते, जो पोरगा कडोलीच्या तालमीत मेहनत करतो, त्यांचा खेळतानाचा फोटो नाही ह्याला आता कारण उरलेलं नाही. त्यांच्या आईवडिलांनी कापून जपून ठेवावा असा फोटो पेपरमध्ये यायला पाहिजे, आणि तो मराठी पेपरमध्ये यायला पाहिजे कारण आमच्याकडं घरात तोच येतो.

संपादकसाहेब, म्हणून तुमच्याकडं मागणं एवढंच. खेळाच्या पानावर रोज निदान एक फोटो प्रत्यक्ष खेळाचा घ्या, बक्षिसाचा आतल्या पानात लहान छापला तरी चालेल. बाहेरून येणाऱ्या फोटोला फोटोग्राफरचं नाव द्या आणि थोडं का असेना मानधन द्या, आज पोरगं रात्री बारापर्यंत मैदानावर थांबून फोटो पाठवतं आणि खाली नाव येतं 'छाया : विशेष प्रतिनिधी', त्यानं कशाच्या जोरावर लेन्स घ्यायची? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला की त्याची फाइल बारीक होते, म्हणून ईमेलनं मूळ फोटो मागवा आणि रात्री किती वाजेपर्यंत पाठवला तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात येईल ती वेळ एकदा पेपरात छापा, म्हणजे फायनल संपायची वाट न बघता हाफटाइमलाच फोटो पाठवता येईल.

आपला वाचक,
एक छायाचित्रकार, अनगोळ, बेळगाव